घराण्याचा चष्मा आणि मुलांची दृष्टी

मुलाला फळ्यावरचे दिसत नाही, असे शिक्षकांनी कळवले की घरातून बहुधा दोनपैकी एक उत्तर येते. पहिले उत्तर असे : "आमच्या घराण्यात कोणालाच चष्मा नाही, मग यालाच कुठून येणार? अभ्यास टाळायचे निमित्त आहे." दुसरे याच्या अगदी उलट : "बापाला चष्मा, आईला चष्मा, मग पोराला लागणारच. रक्तातच आहे ते. त्याला कोण काय करणार?" पेडणे आणि डिचोली या दोन्ही तालुक्यांत, आपल्या ख्रिस्ती घरांत आणि हिंदू शेजाऱ्यांच्या घरांतही, ही दोन्ही उत्तरे आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. उत्तरे परस्परविरोधी आहेत, पण परिणाम एकच होतो. मुलाचे डोळे तपासायचे राहून जातात.

आमचे मत असे की ही दोन्ही उत्तरे पालकांनी आता सोडून द्यावीत. घराण्यात काय आहे हे जरूर विचारावे. किंबहुना ते विचारलेच पाहिजे. पण ते विचारायचे ते मुलाला लवकर डॉक्टरांकडे नेण्यासाठी आणि त्याला अधिक वेळ उघड्यावर खेळू देण्यासाठी. हात झटकून मोकळे होण्यासाठी नव्हे.

डोळा मापाबाहेर वाढतो तेव्हा

प्रथम हा दोष म्हणजे काय ते पाहू. जवळचे स्पष्ट दिसते, लांबचे अंधुक दिसते, याला लघुदृष्टी म्हणतात. चष्म्याच्या दुकानात याच्या भिंगाला मायनस नंबर म्हणतात. बहुतेक मुलांत हा दोष डोळ्याच्या लांबीमुळे येतो. जन्मलेल्या बाळाचा डोळा पुढून मागे सुमारे १७ मिलिमीटर असतो, मोठ्या माणसाचा सुमारे २४ मिलिमीटर. ही वाढ योग्य मापात थांबली तर लांबच्या वस्तूचे चित्र नेमके डोळ्याच्या मागच्या पडद्यावर पडते. डोळा मापापेक्षा अधिक लांबला तर ते चित्र पडद्याच्या अलीकडेच तयार होते आणि मुलाला फळा धूसर दिसू लागतो. एक मिलिमीटर लांबी जास्त झाली तर सुमारे अडीच ते तीन नंबर येतो.

लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही. म्हणून जे काही करायचे ते वाढीच्या वयातच केले पाहिजे. सातव्या-आठव्या वर्षी नंबर सुरू झाला तर तो वाढायला पुढे पुष्कळ वर्षे मिळतात. चौदाव्या वर्षी सुरू झाला तर कमी मिळतात. नंबर मायनस ६ च्या पुढे गेला की पुढील आयुष्यात डोळ्याचा पडदा सुटणे, पडद्याचा मध्यभाग झिजणे आणि काचबिंदू यांचा धोका वाढतो. असे नुकसान झाल्यावर कोणताही चष्मा पुरा पडत नाही. आपल्या भागातील कितीतरी घरांची चूल तारवावर गेलेल्या मुलाच्या पगारावर पेटते. तारवावर, विशेषतः डेकवरच्या कामासाठी, दृष्टीची तपासणी कडक असते हे तारवट्यांच्या घरी सांगायला नको. तेव्हा ही गोष्ट केवळ चष्मा लागला की नाही लागला इतकी लहान नाही.

घराण्याकडून काय येते?

आईबापांकडून मुलाकडे काहीच येत नाही, असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नाही. लघुदृष्टीशी संबंध असलेली शेकडो जनुकस्थाने शास्त्रज्ञांना आता सापडली आहेत. एकटे कोणतेही स्थान फार मोठा परिणाम करीत नाही. पुष्कळ मिळून मुलाचा कल ठरवतात.

हा कल किती असतो? अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील ओरिंडा या गावी शाळकरी मुलांची बरीच वर्षे पाहणी झाली. २००२ साली आठवीच्या ३६६ मुलांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आईबाप दोघांनाही लघुदृष्टी असलेल्या मुलांपैकी ३२.९ टक्क्यांना ती होती. एकालाच असेल तर १८.२ टक्क्यांना. दोघांपैकी कोणालाच नसेल तर ६.३ टक्क्यांना.

आता सुरुवातीची दोन उत्तरे या आकड्यांपुढे ठेवून पाहा. "घराण्यात नाही म्हणून याला नाही" असे म्हणणाऱ्यांनी पाहावे की चष्मा नसलेल्या आईबापांच्या शंभर मुलांतही सहा जणांना दोष होता. "घराण्यात आहे म्हणून लागणारच" असे म्हणणाऱ्यांनी पाहावे की दोघांना चष्मा असूनही शंभरातील सदुसष्ट मुलांना त्या वयापर्यंत दोष नव्हता. धोका पाचपट वाढला हे खरे. पण पाचपट धोका आणि अटळ नशीब यांत फार अंतर आहे.

बी एक, शेत वेगळे

शेतकऱ्याला हे अंतर समजावून सांगावे लागत नाही. एकाच कणगीतले बियाणे मोरड जमिनीत पेरले आणि खाजनात पेरले तर पीक सारखे येत नाही. बी तेच असते. माती, पाणी आणि ऊन वेगळे असते. मुलांच्या डोळ्यांबाबतही असाच अनुभव आला आहे.

सिंगापूर आणि ऑस्ट्रेलियातील सिडनी या दोन शहरांत राहणाऱ्या चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना २००८ साली प्रसिद्ध झाली. वंश एकच होता. आईबापांच्या चष्म्यांचे प्रमाणही दोन्हीकडे जवळजवळ सारखेच होते. तरी सिंगापूरच्या मुलांत लघुदृष्टी २९.१ टक्के आणि सिडनीच्या मुलांत फक्त ३.३ टक्के आढळली. सिडनीची मुले पुस्तके कमी वाचत होती असेही नव्हते. मोठा फरक दिसला तो उघड्यावर घालवलेल्या वेळात : सिडनीत आठवड्याला पावणेचौदा तास, सिंगापुरात सुमारे तीन तास.

त्याहून जुने उदाहरण अलास्कातील बॅरो या गावचे आहे. तेथील एस्किमो कुटुंबांची पाहणी १९६९ साली प्रसिद्ध झाली. शाळा न पाहिलेल्या आजी-आजोबांत लघुदृष्टी जवळजवळ नव्हतीच. शाळेत जाऊ लागलेल्या नातवंडांत ती अर्ध्याहून अधिक जणांना होती. दोन पिढ्यांत रक्त बदलत नाही. राहणी मात्र बदलते.

आपल्या जवळचे आकडे हवे असतील तर पुण्याचे आहेत. पुणे शहर आणि आसपासच्या ग्रामीण भागातील मिळून बारा हजारांवर शाळकरी मुले तपासली गेली व त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. शहरातील मुलांत लघुदृष्टी ३.१६ टक्के, खेड्यांतील मुलांत १.४५ टक्के, म्हणजे निम्म्याहूनही कमी. दिल्लीत ९,८८४ मुलांची पाहणी झाली, ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. तेथे प्रमाण १३.१ टक्के निघाले. घरात लघुदृष्टी असणे, दिवसाला पाच तासांहून अधिक वाचन, दूरदर्शनसमोर बसणे आणि मोबाइलवरचे खेळ यांच्याबरोबर दोष वाढलेला दिसला. दिवसाला दोन तासांहून अधिक बाहेर असणाऱ्या मुलांत तो कमी दिसला.

उजेडाचे काम

बाहेर असण्याने नेमके काय होते? घरात दिवे लावले तरी उजेड काहीशे लक्स एवढाच असतो. लक्स हे उजेडाचे माप आहे. बाहेर आंब्याच्या सावलीतसुद्धा तो काही हजार असतो आणि उघड्या उन्हात एक लाखापर्यंत जातो. आपले डोळे लगेच जुळवून घेतात म्हणून हा फरक आपल्याला जाणवत नाही. प्राण्यांवरील प्रयोगांवरून असे दिसते की भरपूर उजेडात डोळ्याच्या पडद्यातून डोपामीन नावाचे द्रव्य अधिक स्रवते आणि ते डोळ्याच्या लांबण्याला आवर घालते.

हे केवळ प्रयोगशाळेत राहिलेले नाही. चीनमधील ग्वांगझू शहरात बारा प्राथमिक शाळा घेतल्या. त्यांतील निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा जादा तास उघड्यावर दिला. तीन वर्षांनी त्या मुलांत लघुदृष्टी ३०.४ टक्क्यांना आली, इतर शाळांत ३९.५ टक्क्यांना. हे २०१५ साली प्रसिद्ध झाले. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज दोन तास बाहेर ठेवण्याची मोहीम देशभर चालवली आहे. ज्या गोष्टीसाठी इतर देशांना मोहिमा काढाव्या लागतात ती आपल्या अंगणात फुकट पडलेली आहे, आणि आपण मुलांना तिथून उठवून खोलीत बसवतो आहोत.

आजोबांचा चष्मा तपासा

"घराण्यात कोणाला चष्मा आहे का?" या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे पुष्कळदा चुकीचे दिले जाते. त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण चाळिशी. चाळिशीनंतर सुई ओवायला किंवा प्रार्थनेचे पुस्तक वाचायला लागणारा चष्मा हा वयाचा असतो. तो सर्वांनाच लागतो. त्यावरून नातवाची लघुदृष्टी ठरत नाही. म्हातारपणी मोतीबिंदू काढल्यावर मिळालेल्या चष्म्याचेही तेच.

दुसरे कारण याच्या उलट आहे. गोवा १९६१ साली मुक्त झाला, त्यानंतरच आपल्या खेड्यापाड्यांत शाळा मोठ्या प्रमाणात पोहोचल्या. त्याआधीच्या अनेक आजी-आजोबांनी फळा कधी पाहिलाच नाही. लांबचे अंधुक दिसत असले तरी ते कोणाच्या लक्षात आले नाही, त्यांच्याही नाही. समोरून येणाऱ्याला ते चालीवरून ओळखत, नाहीतर आवाजावरून. तेव्हा "आमच्यात कोणाला चष्मा नव्हता" याचा अर्थ "आमच्यात कोणाला दोष नव्हता" असा होत नाही.

म्हणून प्रश्न असे विचारावेत. चष्मा कितव्या वर्षी लागला? तो लांबचे पाहण्यासाठी की जवळचे? नंबर मायनस की प्लस? कागद हरवला असेल तर सोपी परीक्षा आहे. कपाटातला जुना चष्मा हातभर अंतरावर धरून त्यातून समोरची वस्तू पाहावी. वस्तू लहान दिसली तर भिंग मायनसचे, मोठी दिसली तर प्लसचे. मुलाला डॉक्टरांकडे नेताना ही माहिती, आणि शक्य तर तो चष्माही, बरोबर न्यावा. वडील तारवावर किंवा आखातात असतील तर त्यांना फोनवरून विचारावे. मामा, आत्या, मोठी भावंडे यांनाही विसरू नये.

लपवाछपवी थांबवा

आता आम्हाला जे विशेष कळकळीने सांगायचे आहे ते सांगतो. आपल्या समाजात घराण्याची दृष्टी सांगितली जात नाही, लपवली जाते. मुलींच्या बाबतीत तर हटकून. "चष्मा लागला तर पुढे सोयरीक कशी जुळणार?" म्हणून मुलीला तपासायलाच नेत नाहीत. नेले आणि नंबर निघाला तर चष्मा दप्तरात राहतो, फेस्ताला आणि लग्नकार्याला काढून ठेवायला सांगतात. मुलगी पुढच्या बाकावर बसून, मैत्रिणीच्या वहीतून उतरवून दिवस काढते. गणितात मागे पडली की "डोकेच नाही" असा शेरा मिळतो. त्यातच मुलगे मैदानावर जातात आणि मुली घरात राहतात. ज्या उजेडाची तिला अधिक गरज, तोच तिला कमी मिळतो. हा अन्याय आहे, असे आम्ही स्पष्ट म्हणतो.

योहानच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाची कथा आहे. शिष्यांना पहिला प्रश्न सुचला तो दोष कोणाचा, याचा : पाप त्याचे की त्याच्या आईबापांचे? प्रभूने दोघांनाही दोषमुक्त केले आणि लगेच त्या माणसाच्या डोळ्यांकडे लक्ष दिले. आपल्या घरांत शिष्यांचाच प्रश्न अजून चालू आहे. सून म्हणते दोष सासरचा, सासू म्हणते माहेरचा. घराण्यातून नाकाची ठेवण येते, आवाज येतो, तसा डोळ्यांचा कलही येतो. त्यात लाज कसली? लाज वाटायची तर माहीत असून मुलाला धूसर जगात ठेवल्याची वाटावी.

काही समजुती

चष्मा लावल्याने नंबर वाढतो, ही समजूत घट्ट आहे. नंबर वाढतो तो डोळा वाढतो म्हणून, चष्म्याने नव्हे. काही पालक "थोडा कमीच नंबर द्या" असे दुकानदाराला सांगतात. मलेशियात नेमके हेच करून पाहिले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात कमी नंबर दिलेल्या मुलांची लघुदृष्टी पूर्ण नंबर दिलेल्या मुलांपेक्षा जास्त वाढली.

गाजर खाऊन चष्मा जातो, ही दुसरी समजूत. गाजर, पपई, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, अळू हे सर्व परसात लावावे आणि मुलांना खाऊ घालावे. त्यातून शरीराला अ जीवनसत्त्व मिळते आणि रातांधळेपणा टळतो. पण लांबलेला डोळा त्याने आखूड होत नाही. डोळ्यांत मध, दूध किंवा कसलाही रस घालू नये. नंबर झपाट्याने वाढत असेल तर डॉक्टर काही मुलांना अगदी सौम्य अ‍ॅट्रोपिनचे थेंब देतात. ते त्यांच्याच देखरेखीखाली घालावेत. शेजाऱ्याच्या मुलाची बाटली आणू नये.

पालकांनी काय करावे?

ज्या घरात आई, बाप किंवा मोठे भावंड यांपैकी कोणालाही मायनस नंबर आहे त्या घरातील प्रत्येक मुलाची तपासणी शाळेत घालण्यापूर्वी एकदा आणि नंतर दरवर्षी करावी. इतर घरांनीही शाळेच्या तपासणीवर समाधान न मानता मुलाने तक्रार केली की लगेच न्यावे. मूल तक्रार करीलच असे नाही. त्याला वाटते, सर्वांना असेच दिसते. डोळे बारीक करून पाहणे, दूरदर्शनच्या अगदी जवळ बसणे, वही नाकाला लावणे, झेल हमखास सुटणे, या खुणा पाहाव्यात.

घरी एक सोपी चाचणी करता येते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेपासून वीस फुटांवर मुलाला उभे करावे. एक डोळा तळहाताने, न दाबता, झाकावा आणि आकडे वाचायला सांगावे. मग दुसरा झाकावा. ज्याची दृष्टी चांगली आहे अशा मोठ्या भावंडाला वाचता येते ते याला येत नसेल, किंवा दोन डोळ्यांत फरक पडत असेल, तर विलंब करू नये. पेडणे, डिचोली, साखळी, कासारवर्णे येथील सरकारी आरोग्य केंद्रांत विचारावे. पुढे म्हापशाचे जिल्हा इस्पितळ आणि बांबोळीचे गोमेकॉ आहे.

तपासणीइतकेच महत्त्वाचे म्हणजे मुलाला रोज दोन तास उघड्यावर काढू द्यावेत. शाळेतील खेळाचा तास त्यात धरावा. एकदम जमत नसेल तर सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी एक तास अशी सुरुवात करावी. चैत्र-वैशाखात भर दुपार टाळावी, डोक्यावर टोपी असावी, सूर्याकडे थेट पाहू नये. पावसाळ्यात उघडीप मिळाली की बाहेर काढावे. ढगाळ दिवसाचा उजेडही घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी जास्त असतो. मुलांना मजुरीला जुंपा असे आम्ही म्हणत नाही. पण माडांना पाणी सोडताना, काजूच्या बिया वेचताना, परसातल्या मिरचीची निगा राखताना त्यांना बरोबर घेतले तर काम होते, डोळ्यांचे भले होते आणि शेतीही कळते. वाचताना पुस्तक फूटभर अंतरावर असावे आणि अर्ध्या तासाने उठून लांब पाहावे. लहान मुलाला गप्प बसवण्यासाठी हातात फोन देऊ नये.

शाळांच्या व्यवस्थापकांनाही आमची विनंती आहे. परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला देऊ नका. शिकवणीचे वर्ग संध्याकाळच्या उजेडात ठेवू नका. अंधार पडल्यावर ठेवा. आम्ही शिक्षणाच्या विरुद्ध नाही. या दोन तालुक्यांतील गरिबांची मुले शाळेमुळेच पुढे आली. पण फळा वाचता आला तरच शाळेचा उपयोग.

आपल्या धर्मग्रामापासून सुरुवात व्हावी असे आम्हाला वाटते. १३ डिसेंबर हा संत लुसियाचा सण. डोळ्यांच्या व्याधीत आपण तिची मध्यस्थी मागतो. त्या दिवशी धर्मशिक्षण वर्गातील प्रत्येक मुलाची वीस फुटांवरून चाचणी घ्यावी, आणि प्रत्येक पालकाने आपल्या घराण्यातील चष्म्यांची माहिती एका कागदावर लिहून आणावी, अशी आमची सूचना आहे. सासरची आणि माहेरची, दोन्ही. ज्या मुलांना गरज दिसेल त्यांना डॉक्टरांकडे नेण्याची सोय आपण मिळून करू. शेजारच्या हिंदू मुलांनाही बोलवावे. मिस्सा झाल्यावर मुलांना लगेच घरी नेण्याची घाई करू नये. चर्चचे अंगण मोठे आहे. त्यांना तिथे खेळू द्यावे.